बोटीच्या ट्रेलरचे ब्रेक: धायरीच्या शेडमधल्या नोंदी

२१ जानेवारी २०२४, रविवार

काल रात्री कोकणातल्या दिघीहून परत आलो. खाडीच्या खोलीचं मोजमाप नीट झालं, आकडे चांगले मिळाले. पण जाताना ताम्हिणीत जे झालं ते आजच लिहून ठेवतो. चार दिवस गेले की ‘एवढं काही नव्हतं’ असं मीच म्हणायला लागेन.

विळ्याच्या अलीकडची वळणं. बोलेरो दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर हलका पाय. मागून ‘खाड्’ असा आवाज आला आणि ट्रेलरने गाडीला असा ढोसा दिला की शेजारी डुलकी घेणारा भागीदार सरळ उठून बसला. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. तिथून खाली सगळा घाट पहिल्या गिअरमध्ये उतरलो. मागे दुधाचे टँकर भोंगे वाजवत होते, वाजवू दिले.

नव्या पोरांसाठी लिहून ठेवतो. आपल्या ट्रेलरला ओव्हररन ब्रेक आहेत. गाडीच्या पेडलपासून ट्रेलरपर्यंत ना पाइप जातो ना वायर. गाडी हळू झाली की मागचा ट्रेलर पुढे ढकलतो, कपलिंगचा (गाडी-ट्रेलरच्या जोडाचा) सरकता भाग आत जातो, त्यातली दांडी मास्टर सिलिंडर दाबते आणि चाकांना ब्रेक लागतात. ट्रेलरचा ढोसा हाच त्याचा पेडल. दांडी शेवटपर्यंत आत जाऊन लोखंडाला लोखंड भिडलं तर असा ‘खाड्’ आवाज येतो, म्हणजे पुढे दाब तयारच होत नाही.

मास्टर सिलिंडरचं झाकण उघडलं. ब्रेकचं ऑइल तळाला. वर होतं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं.

२४ जानेवारी, बुधवार

बोट उतरवून ठोकळ्यांवर घेतली. ट्रेलर चार स्टँडवर चढवला आणि दोन्ही चाकं काढली.

उजवा ड्रम, म्हणजे चाकासोबत फिरणारं ब्रेकचं गोल भांडं, हाताने निघाला. डावा निघेना. ॲडजस्टर मागे फिरवायला आतला स्टार व्हील हलेना, शेवटी दोन बोल्टच्या पुलरने ओढला. निघाला तेव्हा आतून ओल्या गंजाचा लाल चिखल मांडीवर सांडला. शूच्या (ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानीच्या) लोखंडावर गंजाची खपली धरली होती, तिने लायनर, म्हणजे शूवरचा घासणारा पट्टा, आतून उचललं होतं. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं ते अख्खं सुटून ड्रम आणि शूच्या मध्ये अडकलं होतं. शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचा एक पिस्टन जाम, दुसऱ्या बाजूने ऑइल झिरपून बॅकिंग प्लेटवर मातीत मुरलेलं. म्हणजे ऑइल कुठे गेलं ते कळलं.

गंमत अशी की हे लायनर झिजलेलं नव्हतंच. तीन वर्षांत पाव इंच जाडीतली फार तर वाळूच्या कणाएवढी जाडी गेली असेल. ट्रेलर वर्षाला दोन-अडीच हजार किलोमीटर धावतो, बाकीचे दिवस शेडमध्ये उभा असतो. उभं राहून त्याने ब्रेक खाल्ले.

बेअरिंगची तीच कथा. घाट उतरून आलेला गरम हब (चाकाचा बेअरिंगवर फिरणारा मधला भाग) आपण लगेच थंड पाण्यात बुडवतो. आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठातून पाणी आत ओढून घेते. डाव्या हबमधलं ग्रीस दुधाळ, साबणाच्या फेसासारखं. आतल्या बेअरिंगच्या रोलरवर करडे ठिपके. नख फिरवलं तर लागतात. नखाला लागलं की बेअरिंग बाद, असा काकांचा नियम.

काका म्हणजे माझे सख्खे काका, पिंपरीला टूलरूममध्ये ३४ वर्षं काढलेले. आता रोज सकाळी शेडमध्ये येऊन खुर्ची टाकून बसतात आणि कुणी पाना उलटा धरला की घसा खाकरतात.

४ फेब्रुवारी, रविवार

आज तिघांची बैठक झाली, म्हणजे वाद झाला.

भागीदाराचं म्हणणं, ड्रमचे नवे शू आणि व्हील सिलिंडर घाला, मे महिन्यात पुन्हा दिघी आहे, काम थांबायला नको. काका ड्रमच्याच बाजूने. ‘अरे, एसटी आयुष्यभर ड्रमवर घाट उतरली. ड्रमने कुणाचं काय बिघडवलंय?’

‘काका, एसटी खाऱ्या पाण्यात कंबरभर उभी राहत नाही.’

यावर ते काही बोलले नाहीत. म्हणजे अर्धं मान्य.

मला ड्रमऐवजी डिस्क ब्रेक हवे होते, म्हणजे चाकासोबत फिरणारी उघडी तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारे पॅड. माझा हिशेब असा. नऱ्ह्याच्या वजनकाट्यावर बोट, मशीन, इंधन धरून ट्रेलर १,३१० किलो भरला. शंभर मीटर उंची उतरली की या वजनाची पावणेतेरा लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. २० अंशांचं पावणेचार लिटर पाणी तेवढ्यात उकळीला येईल. ताम्हिणीत असे शंभर-शंभर मीटर बरेच आहेत. त्यातली काही इंजिन घेतं, पण ओव्हररन ब्रेकची खोड अशी की चालकाने फक्त गिअरवर गाडी रोखली तरी ट्रेलर मागून रेलतोच. म्हणजे सगळा उतारभर त्याचे ब्रेक थोडे थोडे लागलेले. ड्रम ही उष्णता पोटात धरून ठेवतो आणि पाण्यात गेला की तेच पोट पाण्याने भरतं. डिस्क उघडी असते. गरम लवकर होते आणि निवतेही लवकर. धुता येते. मुख्य म्हणजे वाकून बघितलं की दिसते.

डिस्कच्या विरुद्ध दोन गोष्टी आहेत. एक, तिला ड्रमपेक्षा बराच जास्त दाब लागतो, म्हणून मास्टर सिलिंडर बदलावा लागेल. दोन, आपल्या ड्रममध्ये फ्री-बॅकिंगची रचना आहे, म्हणजे चाक उलटं फिरलं की शू आपोआप मोकळा होतो. डिस्कला उलटसुलट कळत नाही. रिव्हर्स घेताना गाडी कपलिंग दाबणार आणि ट्रेलर ब्रेक लावून बसणार. त्यावर उपाय म्हणजे ऑइलच्या वाटेवर एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह. रिव्हर्स लाइट लागला की तो वाट बंद करतो.

ॲक्सलवर ब्रेक प्लेटसाठी चार बोल्टची फ्लँज आधीच आहे, म्हणजे वेल्डिंग नको. ठरलं. डिस्क.

१७ फेब्रुवारी, शनिवार

नाना पेठ. सकाळी अकराला गेलो, दोनला निघालो. त्यात अर्धा तास पार्किंगचा.

ट्रेलर मूळचा अमेरिकन, बोटीसोबत आलेला. सगळं इंचात. पण बेअरिंगच्या दुकानात जुनी बेअरिंग काउंटरवर ठेवली, शेठनी चष्मा कपाळावर चढवून कडेचा नंबर वाचला, ‘एल ६८१४९ आणि एल ४४६४९’ असं आतल्या पोराला ओरडून सांगितलं आणि तीन मिनिटांत चार डबे समोर. मी महिनाभर वाट पाहण्याच्या तयारीने गेलो होतो.

पाइपच्या नटांनी मात्र घोळ घातला. ट्रेलरचे नट तीन अष्टमांश इंची, इंचाला २४ आटे. इथल्या गाड्यांचे १० मिलिमीटरचे, १ मिलिमीटर पिचचे. तीन अष्टमांश म्हणजे ९.५ मिलिमीटर आणि २४ आटे म्हणजे १.०६ पिच. इतके जवळ की इंची नट मिलिमीटरच्या भोकात आत जातो, फिरतो, थोडा घट्टसुद्धा वाटतो. जेमतेम आट्यांच्या टोकांवर धरलेला असतो. घाटात दाब आला की आटे गेले. दुकानातला मुलगा ‘बसतंय की साहेब’ म्हणत होता, त्याने बसवूनही दाखवलं. मी नट बोटात धरून आडवा हलवला, तो डुगडुगला. मुलगाही हसला.

पाइपसाठी बंडी पाइप दाखवला, तांब्याचा मुलामा असलेला स्टीलचा. गाडीला उत्तम, खाऱ्या पाण्याला नाही. आपला जुना पाइपही स्टीलचाच होता आणि ज्या ज्या क्लिपखाली मीठ साठलं तिथेच पातळ झाला. काकांचे एक कसब्यातले मित्र म्हणाले, तांबट आळीतून शुद्ध तांब्याची नळी आणून देतो. त्यांच्या प्रेमाबद्दल वाद नाही, पण साधं तांबं हादऱ्यांनी कडक होत जातं आणि एक दिवस तडकतं. बंब-घागरीला ठीक, ब्रेकला नको. तांबं-निकेलच्या मिश्रधातूचा पाइप हवा. तो गंजत नाही आणि हाताने वाकतो.

ह्यूस्टनच्या भाच्याला यादी पाठवली.

१० मार्च, रविवार

भाचा आला. दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो, आणि त्यांत कपडे नावालाच. हबसकट दोन डिस्क, दोन कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे चिमटे), ब्रॅकेट, मास्टर सिलिंडर, सोलेनॉइड, पंचवीस फुटी पाइपचं वेटोळं. विमानतळावर बॅग उघडायला लावली तेव्हा अधिकाऱ्याने विचारलं, हे काय? ‘मामाच्या बोटीचे ब्रेक.’ ‘बोटीला ब्रेक असतात?’ अशी त्यांची पाच मिनिटं चर्चा झाली म्हणे.

ताईने मागितलेला कढयांचा सेट ह्यूस्टनलाच राहिला. ताई माझ्याशी बोलत नाहीये.

१६ आणि १७ मार्च

ब्रॅकेट फ्लँजवर बसली. डावीकडची एक मिलिमीटर बाहेर, कारण फ्लँजवर गंजाचा थर. कानस आणि वायर ब्रशने तासभर घासलं, मग सरळ बसली. ब्रॅकेट तिरकी राहिली तर पॅड एका कोपऱ्यात झिजतात, तेव्हा हा तासभर वाया गेलेला नाही.

बेअरिंगला ग्रीस भरणं काकांनी कुणाला करू दिलं नाही. डाव्या तळहातावर लिंबाएवढं मरीन ग्रीस. बेअरिंगची रुंद बाजू उजव्या हातात उभी धरून ती तळहाताच्या कडेला ग्रीसमध्ये खुपसायची, ओढायची, पुन्हा खुपसायची. पाच-सहा वेळा झालं की रोलरच्या वरच्या फटीतून ग्रीस शेवयांसारखं बाहेर येतं. ते आलं की बेअरिंग थोडं फिरवायचं आणि पुढच्या रोलरला सुरुवात. एका बेअरिंगला दहा मिनिटं. बोटाने वरून चोपडलेलं ग्रीस बाहेरच राहतं आणि रोलर कोरडे फिरतात. मिस्त्रींचं हेच चुकतं, असं आमच्या शेडच्या मिस्त्रींसमोरच सांगून झालं.

सील नवीन. स्पिंडलवर सीलचा ओठ जिथे घासतो तिथे जुन्या सीलने बारीक खोबण पाडली होती. पॉलिश पेपरने कडा मारल्या. खोबण अजून जाणवते. पुढच्या वर्षी तिथे स्टेनलेसची पातळ बाही बसवायला लागेल.

कॅसल नट हब फिरवत फिरवत आवळला, मग पूर्ण सैल केला, मग फक्त बोटांनी बसवला आणि पहिल्या खाचेत स्प्लिट पिन. चाकाचे नट टॉर्क रेंचने १२५ न्यूटन-मीटरला.

२४ मार्च, रविवार, होळी

पाइपची फ्लेअर. सकाळपासून बारा तुकडे वाया घालवले. आणलेल्या नटांना ४५ अंशांची दुहेरी घडी लागते. म्हणजे पाइपचं तोंड आधी फुगवायचं आणि मग तेच आत दुमडायचं. कटरने कापल्यावर आतली धार काढली नाही तर दुमडताना चीर पडते. चीर केसाएवढी, भिंगातून दिसते. सातव्या प्रयत्नात पहिली बरी घडी आली. मग नट आधी पाइपवर ओवायचा विसरलो. आठवी.

शेवटी जमलं ते असं: पाइपचं टोक अर्धा मिनिट पॉलिश पेपरवर घासून काटकोनात आणायचं, त्यावर ब्रेक ऑइलचा थेंब, आणि डाय शेवटपर्यंत आवळल्यावर पाव फेरा मागे. थेंबाने खूपच फरक पडला.

संध्याकाळी कोपऱ्यावर होळी पेटली. घरून आलेली पुरणपोळी ग्रीसच्या हातांनी खाल्ली. कागदात धरून, पण चव लागलीच.

३१ मार्च, रविवार

ब्रेकच्या पाइपमधली हवा काढली, म्हणजे काढायचा प्रयत्न केला. मिस्त्री कपलिंगची दांडी पहारीने दाबायचे, मी मागे नळी बाटलीत धरून ब्लीडर, म्हणजे कॅलिपरवरचा हवा सोडायचा स्क्रू, उघडझाप करत होतो. लांबचं चाक आधी. अर्धा लिटर नवं डॉट ४ ब्रेक ऑइल संपलं, उजवीकडे बुडबुडे थांबेनात.

काका खुर्चीतून म्हणाले, ‘हवा कुठे असते रे?’

‘वर.’

‘मग ब्लीडर कुठे आहे बघ.’

खाली होता. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवलाय. दिसायला तंतोतंत सारखे, फक्त एकात ब्लीडरचं भोक वरच्या टोकाला येतं आणि दुसऱ्यात खालच्या. बोटभर हवेचा कप्पा वर अडकलेला आणि मी तासभर खालून ऑइल काढतोय. अदलाबदल करून पुन्हा सगळं. वीस मिनिटांत दांडी दगडासारखी टणक झाली.

डॉट ४ का, हे मिस्त्रींनी विचारलं. डॉट ३ हवेतली ओल पितं. नवं असताना ते २०५ अंशांना उकळतं, ओल पिल्यावर किमान १४०. डॉट ४ ला हेच आकडे २३० आणि १५५. ओल दोन्ही पितात, म्हणून दरवर्षी बदलायचं हे आलंच. सिलिकॉनचं डॉट ५ ओल पीत नाही, पण ते या दोघांत मिसळत नाही. जुन्या पाइपमध्ये एक घोट राहिला तरी घोळ. नकोच.

७ एप्रिल, रविवार

पहिली धाव. बोट चढवून धायरीहून खडकवासला, डोणजे आणि पुढे पानशेतच्या रस्त्याला. सुरुवातीला छान. ब्रेक लावला की ट्रेलर मागून हात धरून ओढावं तसा थांबतो, ढोसा नाही. भागीदार खूश.

२२ किलोमीटरवर चहाला थांबलो, तर करपल्याचा वास. इन्फ्रारेड थर्मामीटर धरला. डावा हब ९६, उजवा १०१. हवा ३७ अंश. सपाट रस्त्याला, जवळजवळ ब्रेक न लावता! (चकचकीत डिस्कवर हा थर्मामीटर धरला तर आकडा खोटा आणि कमी येतो. म्हणून हबच्या टोपीवर काळा रंग मारून ठेवलाय, तिथे धरायचा.)

जॅकवर चाक उचललं. हाताने फिरतं, पण घासत. ब्लीडर किंचित उघडला, ऑइलची छोटी चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं. म्हणजे कॅलिपर जाम नाहीत, पाइपमध्येच दाब अडकून राहतोय. अर्धा तास थांबून हळूहळू परत.

भागीदार वाटेत एवढंच म्हणाला, ‘ड्रम बरे होते.’

९ एप्रिल, मंगळवार, गुढीपाडवा

सुट्टी, पण शेडला गेलोच. मास्टर सिलिंडर खोलला. प्लंजर पूर्ण मागे येतो, परतीचं भोक मोकळं. काही सापडेना.

गुढी उतरवून संध्याकाळी काका आले. त्यांनी सिलिंडरकडे पाहिलंही नाही, कचऱ्याच्या पेटीशेजारचं त्याचं खोकं उचललं. तळाला चार घड्यांचा कागद. मी वाचलेला नव्हता. खरं सांगायचं तर उघडलाही नव्हता. त्यात चौकटीत लिहिलेलं: हा सिलिंडर ड्रम आणि डिस्क दोन्हींसाठी आहे, डिस्कसाठी वापरताना बाहेर जाणाऱ्या तोंडातला रेसिड्युअल व्हॉल्व्ह काढून टाकावा.

पितळेच्या सीटमागे वाटाण्याएवढं रबर आणि त्यामागे स्प्रिंग. एवढंसं. ड्रममध्ये शूला मागे ओढायला स्प्रिंगा असतात, म्हणून पाइपमध्ये मुद्दाम १० ते १५ पीएसआय दाब धरून ठेवतात. त्याने व्हील सिलिंडरच्या रबरी वाट्या पसरलेल्या राहतात आणि हवा आत येत नाही. डिस्कला अशा स्प्रिंगा नाहीत. पिस्टनभोवतीचं चौकोनी सील दाबाखाली वाकतं आणि दाब गेला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेतं. डिस्कचं मागे जाणं एवढंच. तेवढ्याशा जागेत १० पीएसआय म्हणजे पॅड कायम डिस्कला चिकटलेले.

काढला. काकांनी तो व्हॉल्व्ह, स्प्रिंगसकट, स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकला. चार दिवस ज्याला त्याला दाखवतील.

२१ एप्रिल, रविवार

पुन्हा पानशेत. हब ४८ आणि ४६. ब्रेक न लावता हात ठेवता येतो.

परतताना खानापूरहून पाबे घाटात मुद्दाम घातला. चढ-उतार तीव्र, वळणं आखूड, रहदारी कमी. नवे पॅड डिस्कवर घासून नीट बसावेत म्हणून वरच्या सपाटीवर आधी वीसेक वेळा ५० वरून १५ पर्यंत हळू आणलं, मधे निवायला वेळ दिला. उतार संपल्यावर ८४ आणि ८८. दहा मिनिटांत ६० च्या आत. दोन्ही बाजूंत चार अंशांचा फरक, तो चालेल. पंधराच्या वर गेला तर एक बाजू जास्त काम करतेय असं समजायचं.

२८ एप्रिल, रविवार

खडकवासल्याच्या काठावर रिव्हर्सची परीक्षा. नापास. पाण्याकडे उतार होता तिथे काही कळलं नाही, ट्रेलर आपणच घरंगळतो. पण वर चढत रिव्हर्स घेतला आणि ट्रेलर जागच्या जागी खिळला. बोलेरोचा क्लच वास मारायला लागला.

सोलेनॉइड ‘टिक्’ करत नव्हता. तरी रिव्हर्सची निळी वायर मीटरवर १२ व्होल्ट दाखवते. दीड तास गेला. शेवटी सापडलं: ट्रेलरचं अर्थिंग टो बॉलमधूनच (कपलिंग बसतं त्या गाडीमागच्या गोळ्यातून) चालत होतं. लाइटना तेवढं पुरत होतं, थोडे मंद जळत होते, आमचं लक्षच गेलं नव्हतं. सोलेनॉइडला जास्त करंट लागतो. आणि मी गेल्या आठवड्यात त्याच बॉलला मनापासून ग्रीस लावलेलं.

प्लगमधून स्वतंत्र जाड काळी वायर ट्रेलरच्या चौकटीपर्यंत नेली, रंग खरवडून बोल्ट केली. ‘टिक्.’ मागचे दिवेही झगझगीत. वायर तापकीर गल्लीतून आणली होती, ४ चौरस मिलिमीटरची, घरच्या कामातून उरलेली.

१३ मे, सोमवार

मतदान. शेड बंद. सेफ्टी चेन आणि ब्रेकअवे केबल (कपलिंग सुटलं तर लिव्हर ओढून ट्रेलरचे ब्रेक लावणारी) तपासायची राहिली होती, ती सकाळी रांगेत उभं राहण्याआधी तपासली. केबलची लांबी चेनपेक्षा जास्त होती. म्हणजे कपलिंग सुटलं तर चेन ताणेल, पण केबल लिव्हर ओढणारच नाही. बोटभर कापून पुन्हा क्रिंप केली. उलट असायला हवं हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, चार वर्षं.

१९ मे, रविवार

दिघी. मे महिन्याचं काम, बोटीत यंत्रं आणि आम्ही तिघं. ताम्हिणीत तीच वळणं. ‘खाड्’ नाही. भागीदाराने मुद्दाम खिडकी खाली करून ऐकलं. खाली विळ्याला थांबलो: ९२ आणि ९५. टपरीवर दोन चहा होईपर्यंत ५५.

काठावर पोचल्यावर थर्मामीटर ५० च्या खाली जाईपर्यंत ट्रेलर पाण्यात घालायचा नाही, असा नियम केलाय. सव्वाबाराला पोचलो, पावणेएकला बोट उतरवली. भरती तोवर चढलेलीच होती, त्यामुळे नुकसान काही झालं नाही. पण पहाटेच्या ओहोटीला हा अर्धा तास काढणं जड जाणार आहे. बघू.

बोट वर घेतल्यावर धुणं. इथे नळ नाही. त्यावर या वेळी खरा शोध लागला: शेतातला पाठीवरचा फवारणी पंप. सोळा लिटर गोडं पाणी पुण्याहून भरून आणलेलं. नोझल कॅलिपर आणि डिस्कच्या मध्ये घालून एका चाकाला आठ लिटर. ड्रममध्ये हे कधीच जमलं नसतं. मग खाडीकाठच्या सपाट रस्त्यावर दोनशे मीटर पुढे-मागे, ब्रेक लावत, पॅडमधलं पाणी उडून जाईपर्यंत.

परतीच्या चढात ब्रेकचं काम नाही. पिरंगुटला रात्री साडेनऊला हब बघितले, ४१ आणि ४२.

२० मे, सोमवार

उजवं चाक काढून बघितलं. डिस्कच्या कडेला आणि मधल्या हबवर गंजाची केशरी झाक, पॅड घासतात ती पट्टी स्वच्छ. कॅलिपरच्या खालच्या सरकत्या पिनवर रबरी बूट अर्धा निघालेला आणि आत वाळूचे तीन-चार कण. पिन काढून पुसली, सिलिकॉन ग्रीस, बूट खोबणीत नीट बसवला. डावीकडचा ठीक होता. बूट नंतर निघाला की नीट बसवायचाच राहिला होता, हे बसवतानाच्या फोटोत बघायला हवं.

फवारणी पंप सिंहगड रोडच्या नर्सरीवाल्याचा आहे. त्याला पुढच्या आठवड्यात हवाय. दुसरा विकत घ्यायचा.